गडगा जिथे वळतो

आमच्या किनाऱ्यावरची सर्वांत सुंदर घरं माणसांशिवायची होती. माडांच्या सावलीत एका रांगेत उभी, मंगळुरी कौलांची, खिडक्यांना निळ्या-तांबड्या काचा. गाव तिला मुंबयकारांची आळी म्हणे. एक घर जहाजावरच्या अधिकाऱ्याचं, एक कापडाच्या दलालाचं, टोकाचं एका ख्रिस्ती डॉक्टरांचं. मे महिन्यात आगबोट बंदराबाहेर थांबायची, होड्यांतून ट्रंका उतरायच्या आणि आळी जागी व्हायची. डॉक्टर तेवढे नाताळात येत. एरवी सगळी आळी झोपलेली.

दिवेलागणीला माझे वडील त्या घरांतून फिरत. बंद घरातही देवापुढे दिवा लागला पाहिजे, ही रीत. डॉक्टरांकडे ते क्रुसापुढे मेणबत्ती लावत. तेलाची बाटली घेऊन मी मागे. दार उघडलं की आतली साठलेली गार हवा अंगावर यायची, आणि मोठ्या आरशात आम्ही दोघं पाण्याखालून चालल्यासारखे दिसायचो. मग पुळणीवर येऊन पाहिलं की आळी उजळलेली. समुद्रावरून परतणाऱ्याला वाटावं, आत माणसं जेवायला बसलीत.

कुणी बसलेलं नसे. ज्या गावात एका खोलीला कूड घालून दोन बिऱ्हाडं राहत, तिथं त्या दालनांत फक्त दिवा राहायचा. मला त्याचा संताप यायचा, आणि ती घरं माझ्या स्वप्नातही यायची. दोन्ही खरं.

गोवा मोकळा झाल्यावर जमिनींचे भाव चढले आणि माडांची भाटं, म्हणजे बागा, एकेक करून विकली जाऊ लागली. आमचं घर अशाच एका भाटात, मालकाच्या तोंडी परवानगीनं आजोबांनी बांधलेलं. मालकानं भाट विकलं. घेणारा आमच्याच गावचा, मुंबईत कंत्राटदार झालेला; त्याला तिथं बंगला बांधायचा होता. तो अंगणात येऊन वडिलांना म्हणाला, "दादा, कसाल गावात माझी जागा आसा, मोठ्या रस्त्यार. थंय ऱ्हवा."

"थंय समुद्र खंय आसा रे?"

"समुद्र काय खातास?"

"मगे काय खातंव? तोच मां!"

वडील हसले. मी हसलो नाही. मी पत्रक काढलं, 'माणसांना घरं की घरांना माणसं?' भाताच्या पेजेनं ते भिंतीभिंतींवर चिकटवलं. पेजेच्या वासानं शेळ्यांनी ते दुपारच्या आत खाल्लं. कंत्राटदार वडिलांना म्हणाला, "तुमचो झील बरा लिवता. शेळ्यांक पण आवाडला."

पण पाया खणण्याआधी जागेच्या राखणदाराला, तिथल्या देवाला, नारळ-कोंबडा देऊन गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालावं लागतं, आणि ते घालायचं त्या जागेवर राहणाऱ्यानं. म्हणजे ज्याला उठवायचं, त्याच्याकडेच कंत्राटदाराला यावं लागलं. "नाही म्हणा," मी वडिलांना बजावलं.

"गाराण्याक नाय म्हणूक नसता रे," एवढंच ते बोलले.

सकाळी समुद्रावर धुकं होतं. माड धुक्यातून अर्धेच दिसत होते. गवंडी, शेजारी, कंत्राटदार, सगळे उभे. कुंपणाच्या भिंतीची, गडग्याची, दोरी आमच्या अंगणातून ताणलेली. वडिलांनी हात जोडले; ते बोलतील त्याला सगळ्यांनी साद द्यायची.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या जागेर नवो पायो पडता, तेका यश दी."

"व्हय म्हाराजा!"

"बांधणाऱ्याच्या पोराबाळांक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या भाटात आज जी चूल पेटता, ती अशीच पेटती ऱ्हवांदे. तिच्यार जो कोण पाणी ओतीत, तेका तू बघून घी."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज कंत्राटदाराचा. टोपी काढून, डोळे मिटून, लहानपणच्या सवयीनं त्यानं साद दिली होती. मग त्यानं डोळे उघडले.

"दादा, ह्या काय केलास?"

"मी खंय काय केलंय? व्हय तूच म्हटलंस."

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग गवंड्यांना म्हणाला, "दोरी सोडा. हडसून वळवा."

चिऱ्यांचा गडगा आमच्या अंगणापाशी वळून पुढे गेला. मी आजही सभेत सांगतो, माणसाचं घर कुणाच्या देवभोळेपणावर टिकता कामा नये, ते कायद्यानंच टिकलं पाहिजे. राखणदाराला सात-बारा लिहिता येत नाही. पुढचा मालक परगावचा आला, तर कुणाला भिणार?

हे मी मनापासून सांगतो. आणि संध्याकाळी घरी येतो, तेव्हा वडील नव्या बंद बंगल्यात दिवा लावून गडग्याच्या वळणावरून परतत असतात. आमच्या चुलीचा धूर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि त्या बंगल्याच्या निळ्या काचांसमोर रेंगाळतो, आत कुणी आहे का बघत.