खोडलेले वाक्य

दौंडला मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेत असे, तेव्हा रसायनांच्या कारखान्यातला एक कामगार पाळी संपवून शिकायला येई. बाकावर बसताच तो वही उघडून नाकाशी धरायचा आणि क्षणभर डोळे मिटायचा. कोऱ्या कागदाच्या वासाचा त्याला लोभ असावा, असे मला वाटे.

एकदा मी ‘पूर्वी असे होते, आता तसे नाही’ या धर्तीचे एक वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितले. त्याने लिहिले, पूर्वी मला वास यायचा, आता येत नाही.

खिडकीतून उसाच्या मळीचा आंबूस दर्प आत येत होता. “हासुद्धा नाही?” मी विचारले.

“कसला?” त्याने खिडकीकडे पाहिले. “भाकर करपली तरी बायकोच सांगती, मॅडम. वहीत रोज बघतो, आला तर आला.”

“मग कारखान्यातल्या साहेबांना सांगा ना.”

“आन् परमनंटचा इंटरव्ह्यू? त्याच्यासाठीच तर इंग्लिश शिकतोय.”

त्याने ते वाक्य सावकाश खोडले. खाली लिहिले, पूर्वी मी सायकलवर यायचो, आता मोटारसायकलवर येतो.

दोन्ही वाक्ये अचूक होती. मी खालच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.