गुलाबी बॉल आणि हळू बोलणारी माणसं

क्रिकेटचं समालोचन करणारे ओरडतात. कबड्डीचे तर श्वासही घेत नाहीत. स्नूकरचे मात्र हळू बोलतात. घरात कोणी आजारी माणूस झोपलेला असावा आणि पलीकडच्या खोलीत दोघांनी बसून बोलावं, तसं. मला जन्मात आवडलेले आवाज मोजके, त्यातले तीन या लोकांचे आहेत. तिघेही इंग्लंडात बसून बोलायचे आणि मी ऐकायचो आदिलाबादच्या आमच्या क्लबात, वेताच्या खुर्चीवर, केबल नवीन आली होती तेव्हा.

त्यांची खरी नावं पडद्यावर यायची, पण आमच्यात ती चालली नाहीत. क्लबाच्या मार्करने त्यांना आपल्या मनाची नावं दिली होती. मार्कर म्हणजे टेबलाजवळ उभा राहून गुण पुकारणारा आणि चूक झाली तर 'फाउल' म्हणणारा माणूस. आमचा मार्कर जवळच्याच मावला गावचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला साहेब, जरी मी महसूल कचेरीतला साधा कारकूनच होतो. त्याचं इंग्रजी एकापासून एकशे सत्तेचाळीसपर्यंत, म्हणजे स्नूकरात एका दमात जास्तीत जास्त जितके गुण होतात तितकंच. त्यापुढचं इंग्रजी मी त्याला सांगावं असा आमचा रिवाज पडला होता.

पहिला 'खोकलेवाला'. याचा आवाज खरखरीत, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणार. स्वतः जुना खेळाडू असावा. कोणी सोपा बॉल चुकवला की तो रागवायचा नाही, नुसता उसासा टाकायचा. भाऊ म्हणायचा, "याच्या हातूनबी असाच गेला असंन कवातरी." दुसरा 'तहसीलदार'. नियम सांगायचा, तेही ठासून, पुन्हा पुन्हा. आणि तिसरा माझा सर्वांत आवडता, त्याला भाऊने 'मुका' नाव ठेवलं होतं. हा चार-चार मिनिटं बोलायचाच नाही. खेळाडू काठीच्या टोकावर खडू घासतोय, एवढंच ऐकू यायचं. मग तो दोनच शब्द बोलायचा आणि ते दोन शब्द दिवसभर लक्षात राहायचे.

"बोलायचे पैसे घेते अन् बोलत नाई," भाऊ म्हणायचा. "असं काम आपल्याले काऊन नाई भेटलं?"

केबल आली तोवर भाऊ मार्कर राहिला नव्हता. क्लबाने त्याला वाचनालयात बसवलं होतं. वर्तमानपत्रं दांड्यांना लावायची, खुर्च्या पुसायच्या. त्याचं कारण मी होतो, आणि हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

केबल येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. क्लबाच्या वार्षिक स्पर्धेचा अंतिम सामना. आमच्याकडची थंडी, मी बायकोने विणलेला स्वेटर घालून खेळत होतो. समोर एक इंजिनीअर साहेब. लांबचा लाल बॉल मारायला मी टेबलावर आडवा झालो आणि स्वेटरची बाही गुलाबी बॉलला लागली. बॉल फार हलला नाही. तांदळाचा दाणा मावेल इतकाच. पण कपडा लागला तरी फाउलच असतो आणि गुलाबीचे सहा गुण समोरच्याला जातात.

"फाउल. सिक्स," भाऊ म्हणाला आणि त्याने पाटीवर सहा मांडले.

इंजिनीअर दुसऱ्या टोकाला, त्याला काही दिसलं नव्हतं. बाकी लोक माझ्या पाठीमागे. पाहिलं होतं दोघांनीच, त्याने आणि मी.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कुठं लागलं भाऊ? तुम्हाला तिथून काय दिसतं?"

"लागलं साहेब."

"नाही लागलं."

मागून कोणीतरी हसलं. "चष्मा लगा लो मियाँ." आणखी दोघं हसले. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पाटीवरचे सहा पुसले. सामना मी जिंकलो. पुढच्या बैठकीत कमिटीने ठरवलं की मार्करची नजर कमजोर झाली आहे. त्या बैठकीला मी होतो. चहा घेतला आणि घरी आलो.

पुढे त्याचे डोळे खरंच अधू झाले. तेव्हा लोक म्हणाले, बघा, तेव्हापासूनच सुरुवात होती. मग टीव्हीसमोर त्याच्या शेजारी बसून मी इंग्रजीचं मराठी करू लागलो. त्याला कोणता बॉल कुठे आहे तेही सांगायचो. लोकांना वाटायचं, किती जीव लावतो.

एका रविवारी दुपारी जुना सामना दाखवत होते. खेळाडू टेबलावर वाकला, मारला, आणि लगेच हात वर करून पंचाला काहीतरी म्हणाला. सभागृहात टाळ्या वाजल्या. बोलत होता मुका, आणि त्या दिवशी तो बराच बोलला. म्हणाला की बाही लागल्याचं कोणीच पाहिलं नव्हतं, पंचानेही नाही, खेळाडूने आपण होऊन सांगितलं; आणि या खेळात हे न सांगणारा माणूस जिंकला तरी खेळलेला नसतो.

"काय म्हणते?" भाऊने विचारलं.

"नेम चुकला म्हणतो."

"येवढं लांब बोलला अन् येवढंच?"

"एवढंच."

त्यानंतर टाळ्या कशाच्या होत्या, हे त्याने विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी मी मावल्याला त्याच्या घरी गेलो. तोवर त्याला नुसता उजेड-अंधार कळत होता. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, गुलाबी बॉलची आणि त्या रविवारची. त्याने विडीचं टोक चाचपून पाहिलं, पेटवली.

"मले कायले सांगता? मले तर दिसलंच होतं."

त्याने एक झुरका घेतला.

"अन् त्या रविवारचंबी समजलं होतं. तुमी खरं सांगता तवा त्या मुक्यासारखं हळू बोलता. त्या दिवशी तहसीलदारासारखे बोलले." तो थोडा हसला. "जेथं बोलले होते, तेथं बोला. येथं बोलून काय फायदा?"

"बोलतो," मी म्हणालो.

बोललो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, अशी चार वर्षं गेली. एक दिवस इचोड्याला जाणाऱ्या बसमध्ये कोणीतरी सहज सांगितलं की भाऊ गेला, महिना झाला.

तेव्हा मी क्लबात गेलो. टेबल केव्हाच काढलेलं, त्या खोलीत आता कॅरम खेळतात. पाच-सहा जण होते, त्यातला त्या सामन्याच्या वेळचा एकच, माझ्याहूनही थकलेला एक निवृत्त मास्तर. मी उभा राहून सगळं सांगितलं. एक तरुण सभासद तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाला, "जाने दो सर, कब की बात है." आणि त्याने सोंगटी मारली.

मास्तरांनी मात्र हातातला कप खाली ठेवला.

"म्हंजे त्याची नजर चांगली होती तवा?"

"चांगली होती," मी म्हणालो. "त्याला बरोबर दिसलं होतं."

"आमी हसलो होतो," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी मी मुक्यासारखं हळू बोललो होतो, असं मला वाटतं.