साऊकाकांचा भाग्यवान कुत्रा

दक्षिण व्हिएतनामातल्या बेन त्रेच्या आमच्या कालव्यावर कुणाला कुत्रा पाळायचा असला की आधी साऊकाकांना बोलावणं जातं. काका येतात, हात धुतात, कुत्र्याचा जबडा उघडून जिभेवर काळा ठिपका शोधतात, मग चारी पायांना मागचं जास्तीचं नख आहे का ते बघतात. दोन्ही असलं तर त्या घराची भरभराट ठरलेली. कुत्रा चावतो का, हे मात्र ते कधीच विचारत नाहीत. चावला की कळतंच, म्हणतात.

माझा तेओ चार वर्षांचा, मित दोनची. दारापुढेच कालवा, आणि मितला पाण्याचं भारी वेड. मी चुलीकडे वळले की ही घाटाच्या फळीवर. नवरा दिवसभर नारळ सोलायला गेलेला. एक दिवस लेकरू हातचं जाईल या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून मी काकांना गळ घातली, पोरांचं सोसणारा आणि मितवर लक्ष ठेवणारा कुत्रा बघा.

काकांनी सगळा तालुका पालथा घातला. रोज येऊन कुठल्या कुत्र्याची जीभ कशी होती ते सांगत बसायचे, आणि त्यांच्या पायाशी त्यांचाच कुत्रा वांग पडलेला असायचा. पिवळा, फाटक्या कानाचा, ना ठिपका ना नख. करंटा आहे, असं काका म्हणायचे आणि आपल्या वाटणीचा मासा त्यालाच घालायचे. मित त्याच्या पाठीवर बसून भात खायची, त्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालायची. वांग बिचारा तोंड उघडंच ठेवायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, पण काकांना कोण सांगणार?

शेवटी सासऱ्यांच्या श्राद्धाच्या दिवशी काका होडीतून उतरले ते भाग्य कडेवर घेऊनच. चारी नखं, वर जिभेवर ठिपके. पाहुण्यांनी वाहवा केली. मितने आनंदाने किंचाळून मिठी मारली, तशी त्या भाग्यवंताने थेट पितरांच्या चौरंगावर उडी घेतली, बदकाची तंगडी पळवली आणि तो पलंगाखाली जाऊन मुतला. सगळे पाहुणे झाडू घेऊन पलंगाभोवती. मित कुठे आहे, हे कुणाच्याच ध्यानात नाही.

घाटावरून गुरगुर ऐकू आली. फळीच्या टोकाला मित पाण्याकडे ओढ घेत होती आणि वांगने तिची चड्डी मागून दातांत धरली होती. ती त्याच्या डोक्यात पळी हाणत होती. त्याने सोडली नाही. मी तिला उचललं आणि वांगच्या गळ्यात पडून रडले.

संध्याकाळी काकांनी वांगला घरी नेलं. तो परत आला. पुन्हा नेलं, पुन्हा आला.

"काका, आपल्या पायाने आलेला कुत्रा भाग्य आणतो, त्याला परत पाठवायचं नसतं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना?"

काकू गेल्यापासून घरात काकांना वांगशिवाय कोणी नव्हतं. मग त्यांनी त्याचा जबडा उघडला.

"आहे गं पोरी, ठिपका आहे. मागे, खोल."

"तो करपलेला भात आहे, काका."

"असू दे. काळा आहे ना?"

वांग आमचा झाला. भाग्यवंत काकांकडे गेला, तो अजून त्यांच्या पलंगाखालीच असतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी काका दारात उभे. हात धुऊन चटईवर वांगशेजारी बसले.

"बघतेस काय? मीही आपल्या पायानेच आलोय," ते म्हणाले. "वाढ."