उरलेला सिनेमा परवा

माणूस गेल्यावर त्याच्या गमती कधीपासून सांगायच्या? तेराव्यानंतर, वर्षभराने, की कधीच नाही? आईला विचारलं, तर ती उठून आत गेली. मामाला विचारलं, तर म्हणाला, "आधी जेवून घे." शेजारचा भैया तर मोबाईलच बघायला लागला. कोणी सांगतच नाही. इकडे किस्से साचत चालले आहेत. रिक्षा चालवताना एक आठवतो, त्याच्यामागे दुसरा येतो, मी एकटाच हसतो आणि मागची सवारी घाबरून विचारते, "भैया, ठीक चला रहे हो ना?" म्हणून तुम्हाला सांगून टाकतो. जमेल तसं सांगीन. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

*

माझा मोठा भाऊ विनोद. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला गोलू. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात एक दिवसाआड त्याचं डायलिसिस व्हायचं. माझ्या ई-रिक्षात मी त्याला न्यायचो आणि तो सुटेपर्यंत तिथेच बसायचो.

हॉलमध्ये खिडकीकडे तीन खुर्च्या होत्या. एकीवर दादा. मधल्या खुर्चीवर बीरगांवच्या साहू दीदी, कारखान्यात पॅकिंगला होत्या. भिंतीकडच्या खुर्चीवर बूढ़ापाऱ्याचे रामटेके काका, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. तिघांच्या हातात सुया, बाजूला मशीन. रक्त मशीनमध्ये जायचं आणि साफ होऊन परत यायचं. दुपारभर हात हलवायचा नाही. आधी तिघंही छताकडे बघत पडून राहायचे आणि मी स्टुलावर बसून तिघांकडे.

एक दिवस दादाने मोबाईल स्टँडवर ठेवून सस्पेन्सचा एक सिनेमा लावला. त्या डायरेक्टरच्या सिनेमात शेवटी सगळं उलटं होतं. ज्याच्यासाठी आपण रडलो तोच खुनी निघतो, ज्याला शिव्या दिल्या तो पोलीस निघतो. काकांनी त्याचं नावच ठेवलं, पलटीबाबू.

सिनेमा अर्ध्यावर आला आणि यांची वेळ संपली. बाहेर दुसऱ्या पाळीचे पेशंट उभे होते. सुया निघाल्या की रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून बसावं लागतं. तिघं आपापला हात दाबून बसले होते, तेव्हा दीदी म्हणाल्या, "अब मैं घर जा के सोऊँगी कइसे? मारा किसने?"

दादा म्हणाला, "बाकी का सिनेमा परसों."

तिथूनच कायदा झाला. सिनेमा इंटरवलला थांबवायचा. उरलेला परवा. घरी कोणी एकट्याने बघायचा नाही. आणि कापूस दाबून बसल्या-बसल्या प्रत्येकाने आपला खुनी सांगून जायचा.

पलटीबाबूचा सगळ्यात मोठा फॅन दादा. आणि त्याचा खुनी कधीच बरोबर निघाला नाही. एकदा त्याने व्हीलचेअरवरच्या म्हातारीवर संशय घेतला. काका म्हणाले, "अबे, तिले उठता येत नाही."

"म्हणूनच तर."

परवा दुसरा भाग लावला आणि सुरुवातीलाच कोणीतरी त्या म्हातारीचा गळा दाबला. सगळे दादाकडे बघायला लागले. दादा शांतपणे म्हणाला, "केल्याचा पश्चात्ताप झाला असन तिले. स्वतःच दाबून घेतला."

*

मशीनबरोबर बीपीची पट्टी असते. ती दंडाला बांधलेली असते आणि मधून मधून आपोआप फुगते. एकदा सिनेमातली बाई टॉर्च घेऊन तळघरात उतरत होती. खाली कोणीतरी श्वास घेत होतं. नेमकी तेव्हाच दादाची पट्टी फुगली आणि मशीन ओरडायला लागली. मागून दीदींची. मग काकांची.

सिस्टर मॅडम धावत आल्या. तिघांचं बीपी वर. मॅडमनी मोबाईल उचलला, बंद केला आणि खिशात घातला. "ये दवाखाना है, टॉकीज नहीं."

मशीन ओरडली की मला वाटायचं, दादाला काही झालं; मी अजून त्याच्या खुर्चीला धरून उभा होतो. थोड्या वेळाने मॅडम परत आल्या. दादाची पट्टी चांगली बांधलेली होती, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. मग खाली वाकून हळूच विचारलं, "वो तहखाने में था कौन?"

दादा म्हणाला, "मोबाइल तो आपके पास है, मैडम."

तेव्हापासून असं ठरलं की भीतीचा सीन आला की आवाज बंद करायचा. काका म्हणाले, "आवाज नसला की जास्त भेव लागते." पण मॅडमसमोर नाही म्हणाले.

*

काका आणि दादाचं एका गोष्टीवरून रोजचं भांडण. काकांचं म्हणणं, पलटीबाबू फसवतो.

"मी जनमभर गार्ड होतो," ते म्हणायचे. "गार्डाले मागचं दिसते. समोर काय येऊन राहिलं ते त्याले काही माहीत नसते. हा बाबू आपल्याले मुद्दाम मागच्या डब्यात बसवते."

"फसवत नाही काका. सगळं पहिल्याच भागात दाखवते. आपणच पाहत नाही."

"तू तर पाहतं ना? मग तुहा खुनी काहून चुकते दरवेळी?"

दीदी म्हणायच्या, "दोनों चुप रहो. मशीन बजेगी."

काकांचा संशय ठरलेला. सिनेमा कोणताही असो, खुनी डॉक्टर. एक दिवस कापूस दाबण्याची वेळ होती आणि काका रंगात आले होते. ते मोठ्याने म्हणाले, "हम से लिखवा लो. डॉक्टर ने ही मारा उसको. पहले मीठा-मीठा बोला, फिर सुई लगा दी."

मागे नवीन डॉक्टर उभे होते. त्यांच्यासोबत एक नवरा-बायको हॉल बघायला आले होते, नवऱ्याचं डायलिसिस सुरू करायचं होतं. बायकोने फाईल छातीशी धरली. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, "बाबूजी, कौन मर गया?"

काका घाबरले. त्यांना डॉक्टरांना सावरून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "आप नहीं, साहब, आप नहीं. वो तो सीनियर वाला था."

बायको नवऱ्याचा दंड धरून जिना उतरलीसुद्धा.

*

डायलिसिसवाल्याला पाणी बेतानेच प्यावं लागतं. प्यायलेलं बाहेर जात नाही, फुफ्फुसात चढतं. म्हणून हॉलमध्ये शिरताना आधी वजनकाटा. एक दिवस दादाचं वजन भलतंच भरलं.

"काटा खराब आहे," दादा म्हणाला.

काका चढले. काटा ठीक. दीदी चढल्या. काटा ठीक. मग काकांनी खुर्चीवर बसून चौकशी लावली.

"काल संध्याकाळी कुठी होता तू?"

"घरी."

"साक्षीदार?"

"गोलू."

"मी तर स्टेशनवर सवारी सोडायले गेलो होतो," माझ्या तोंडून निघून गेलं.

दीदी उठल्या. दादाने कालचाच शर्ट घातला होता. त्यांनी त्याच्या बाहीचा वास घेतला आणि कोर्टात सांगावं तसं सांगितलं, "इमली."

दादाने मान खाली घातली. "पाणी नाही पिलो काका. फक्त गुपचुप खाल्ले." पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात.

काका म्हणाले, "अन त्याच्यात काय भरलं होतं? हवा?"

सगळे हसले, मॅडमपण हसल्या. पण त्या दिवशी मशीनला जास्तीचं पाणी ओढावं लागलं. दादाच्या पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. मी खाली बसून त्याचे तळवे दाबत होतो. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पट्टी पुन्हा पुन्हा फुगत होती, आणि मी मनात म्हणत होतो, आता वाजू नको, आता वाजू नको. दादाने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मस्त होते पण."

*

एकदा पहिला भाग झाला आणि परवा काकांची खुर्ची रिकामी. फोन बंद. हॉलमध्ये खुर्ची रिकामी दिसली की कोणी काही विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, म्हणून.

दीदी म्हणाल्या, "लगा दो विनोद भैया, मन बहल जाही."

दादा म्हणाला, "नहीं." आणि माझ्याकडे बघितलं. मी रिक्षा काढली.

बूढ़ापाऱ्यात काका ओट्यावर बनियनवर बसले होते. पाय सुजलेले. सून दारात उभी होती, रडून झालेली दिसत होती.

"काका, चला."

"कंटाळा आला रे पोट्ट्या. किती टोचून घेऊ? जाऊ दे आता."

मला समजावता येत नाही. शाळेतही मी सगळ्यांशी भांडूनच बाहेर पडलो. मला राग आला. मी म्हटलं, "मरायचं असन तर मरा. पण खुनी कोण ते पाहून मरा. तुमच्यापायी तिकडे सिनेमा थांबला आहे."

सुनेने तोंडावर हात ठेवला. काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माही चप्पल कुठी आहे?"

मी त्यांना तसंच बनियनवर आणलं. सुई लागली, सिनेमा लागला, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, त्या दिवशी खुनी डॉक्टर निघाला. काका मोकळा हात वर करून साऱ्या हॉलला दाखवत होते. दादा म्हणाला, "पाहा काका. आज आले नसते तर हे राहून गेलं असतं."

मॅडम त्यानंतर मोबाईलबद्दल कधी बोलल्या नाहीत.

*

आता शेवटचा.

पलटीबाबूचा नवीन सिनेमा मोबाईलवर आला. दादा त्याची वाटच बघत होता. डोंगरावर बंगला, पाऊस, एकामागून एक माणसं मरत होती. इंटरवलच्या आधी बंगल्याचा माळी दरीत पडला आणि दादाने सिनेमा थांबवला.

त्या दिवशी दादा सुरुवातीपासून कापत होता. मॅडमनी दोन चादरी घातल्या होत्या. कापूस दाबताना दीदींनी बंगल्यातल्या सुनेचं नाव घेतलं, काकांनी डॉक्टरचं. दादाचे दात वाजत होते. तो म्हणाला, "मी परवा सांगतो."

असं त्याने कधी केलं नव्हतं. काका म्हणाले, "कायदा तोडून राहिला तू." दादा हसला.

रक्तात इन्फेक्शन झालं होतं. त्याच संध्याकाळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. परवा आला तेव्हा तो आयसीयूत होता, तोंडात नळी. त्याच्यानंतरचा परवा त्याने पाहिला नाही.

तेरावं झालं आणि सिस्टर मॅडमचा मला फोन आला. दीदी येतात, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. काकांनी येणंच सोडलं आहे. सुनेचं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. "तू एक बार बोल के देख ना, गोलू."

मी गेलो. काका ओट्यावर होते. पाय खांबासारखे झाले होते, बोलताना धाप लागत होती. माझं भादरलेलं डोकं बघून त्यांनी नजर खाली केली. म्हणाले, "आता सिनेमाचं नको सांगू मले."

माझ्याजवळ सांगायला दुसरं काहीच नव्हतं. रागही येत नव्हता. तोंडातून एकदम निघालं, "दादा खुनी सांगून गेला."

काकांनी वर बघितलं. "कधी?"

"हॉस्पिटलात."

हॉस्पिटलात दादा एक शब्द बोलला नव्हता.

"कोण म्हणे?"

"हॉलमध्ये सांगतो. कायदा आहे."

काका भिंतीला धरून उभे राहिले.

बूढ़ापाऱ्यापासून समता कॉलोनीपर्यंत मी रिक्षा हळू चालवली. मागे काकांचा श्वास ऐकू येत होता. उरलेला सिनेमा मीही बघितला नव्हता. कोणाचं नाव घ्यायचं ते सुचत नव्हतं. दवाखाना आला तरी सुचलं नव्हतं.

दादाच्या खुर्चीवर एक नवीन माणूस होता. मी दादाचा मोबाईल स्टँडवर ठेवला. दीदींनी तोंड इकडे वळवलं. मॅडम सुई घेऊन उभ्या होत्या. काकांनी हात मांडीखाली दाबून धरला होता.

"सांग," ते म्हणाले.

"माळी."

"अबे, माळी तर मेला ना. दरीत पडला. आपण सगळ्याईनं पाहिलं."

"दादा म्हणे, पडताना दाखवला. मेलेला नाही दाखवला."

काका माझ्याकडे बघत राहिले. दीदींनी डोळ्यांवर पदर घेतला. मग काकांनी हात बाहेर काढला, बाही वर सारली आणि मॅडमसमोर धरला.

मी सिनेमा लावला.