वस्तऱ्याखालची पाहणी

सलूनवाल्यांच्या मुलीने विद्यापीठात व्यवसाय अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला, तेव्हा तो नेमका काय असतो हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही फारसं नव्हतं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आईने विचारलं, "म्हणजे दुकान कसं चालवायचं ते शिकवतात का?" मुलगी म्हणाली, "दुकानं का चालतात ते शिकवतात." आईला हे उत्तर काही पटलं नाही. वडिलांना मात्र ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याच दिवशी खुर्चीत बसेल त्या प्रत्येकाला ते ऐकवलं आणि मुलीचं नाव 'अर्थमंत्री' ठेवून टाकलं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प आला. भाव वाढवला तर गिऱ्हाईक किती तुटतं, ते एखाद्या खऱ्या धंद्यात जाऊन तपासायचं. याला पुस्तकात 'मागणीची लवचिकता' असं भारदस्त नाव आहे. वर्गातली बाकीची मुलं मोठमोठ्या दुकानांचे उंबरे झिजवत होती. हिचा धंदा घरचाच होता. एक खुर्ची, कडेला पारा उडालेला आरसा, भिंतीलगत बाक, आणि कात्रीबरोबर सुरू होणारं वडिलांचं तोंड.

प्रश्न तिने अगदी शास्त्रशुद्ध तयार केला: "दर थोडा वाढला, तरी तुम्ही इथेच याल का?" विचारायची वेळ मात्र तिने आपल्या सोयीने निवडली. दाढी चालू असताना माणूस जागचा हलत नाही, म्हणून ती नेमकी तेव्हाच विचारी. आता बघा, गालभर फेस, मान मागे टाकलेली, गळ्यावर वस्तरा, आणि वस्तरा धरणारे गृहस्थ उत्तराकडे कान लावून उभे. अशा वेळी नाही म्हणायची कुणाची छाती आहे? रिटायर झालेल्या पोस्टमास्तरांनी "हं" केलं. समोरच्या शिंपीकाकांना तेवढंही जमेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून होकार दिला. झाडून सगळे हो म्हणाले. कच्चा आराखडा वाचून सरांनी शाबासकी दिली. पोरगी हुशार होती, यात वाद नाही. फक्त इतके होकार एका सुरात आले तर जरा शंका घ्यावी, एवढंच तिला सुचलं नाही.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी दर वाढवला.

"जरा दमानं घ्या," आई म्हणाली. "तिचा अजून निकाल लागायचाय."

"निकाल कशाला? गिऱ्हाइकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय!"

मग गिऱ्हाईक हळूहळू पांगलं. आधी बाक रिकामा झाला, मग खुर्ची. वडील सकाळी खुर्ची पुसत आणि दुपारी तीच खुर्ची पुन्हा पुसत. संध्याकाळी लवकर घरी येऊन "आज जरा निवांत होतं" असं म्हणत, आणि ते निवांतपण आठवडाभर संपत नसे. घर त्या एका खुर्चीवर चालत होतं, मुलीचं शिक्षणसुद्धा. प्रकल्पाचे गुण गेले खड्ड्यात. आपल्या शहाणपणापायी बाबांचं दुकान बसतंय, या विचाराने तिला रडू यायचं.

शेवटी ती उठली आणि गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागली, या खेपेला वस्तऱ्याविना. पोस्टमास्तरांनी दार उघडलं ते डोक्यावर लोकरीची टोपी घालून, भर उन्हाळ्यात. मुलीने टोपीकडे पाहिलं, त्यांनी पायपुसण्याकडे. टोपीखाली दुसऱ्या दुकानातली हजामत आहे, हे दोघांनाही कळलं.

"काका, दर फार झाला का आमचा?"

"छे गं! दराचं काय घेऊन बसलीस?"

"मग?"

पोस्टमास्तरांनी टोपी उगाच सारखी केली. "राग मानू नकोस हं. तुझे बाबा लाख माणूस. पण पूर्वी त्यांच्याकडे बसलं की गल्लीतल्या चार गोष्टी कळायच्या. तुझा हा प्रकल्प सुरू झाल्यापासून बसलं की मागणी, पुरवठा आणि तू. तुझे सर काय म्हणाले, तू काय म्हणालीस. तुझे मार्क मला विषयवार पाठ झालेत! आणि गळ्यावर वस्तरा असताना माणूस उठून जाणार कुठे?"

शिंपीकाकांनीही हेच सांगितलं, फक्त जरा हळू आवाजात.

परत येताना ती विचार करत होती. 'दर चुकला' असं सांगणं सोपं होतं. दोष तिच्या अभ्यासाचा ठरला असता आणि बाबांचं मन राखलं गेलं असतं. पण मग दर उतरवूनही बाक रिकामाच राहिला असता. तिने दुकानात जाऊन खरं ते सांगितलं. वडिलांच्या हातातलं फडकं थांबलं.

"इतकं बोलतो मी?"

"हो, बाबा."

"बरं झालं सांगितलंस. आता नाही बोलणार." ते रागावले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

केस पुन्हा वाढल्यावर पोस्टमास्तर आले, थोडे ओशाळून. मागोमाग शिंपीकाका येऊन बाकावर टेकले. मुलगी कोपऱ्यात उभी होती. वडिलांनी कात्री चालवायला घेतली आणि शब्द म्हणून काढला नाही. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. दुकानात नुसती कात्री वाजत राहिली. पोस्टमास्तर खुर्चीत चुळबुळ करू लागले, आरशातून शिंपीकाकांना खुणा करू लागले. शेवटी त्यांनाच राहवेना.

"काय हो," ते म्हणाले, "अर्थमंत्र्यांच्या प्रकल्पाचं काय झालं?"

वडिलांनी आधी मुलीकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान डोलावली.

"आता विचारलंतच म्हणून सांगतो," ते म्हणाले आणि कात्री खाली ठेवली, कारण सांगायला दोन्ही हात लागणार होते. "पहिला प्रकल्प पार मोडीत काढला तिनं! सगळा नव्यानं लिहितेय. दर वाढला म्हणून गिऱ्हाईक गेलं नाही, मालकाच्या बडबडीपायी गेलं, असं सरळ लिहिणार आहे. मालक म्हणजे कोण? मी! विद्यापीठात वाचतील माझ्याबद्दल!"

पोस्टमास्तरांची अर्धीच हजामत झाली होती. शिंपीकाकांनी चपला काढल्या आणि बाकावर ऐसपैस मांडी घातली.