साळवे सरांचे ड्रम

फोन आला तेव्हा माझे हात मनगटापर्यंत उष्ट्यात होते. दुपारचे डबे परत आले होते आणि त्यांतला उरलेला भात, चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, वरणात भिजून फुगलेल्या पोळ्या मी बादलीत काढत होते. सरांच्या मुलाचा, संदीपदादांचा आवाज होता. "वंदनाताई, बाबा गेले." मी "बरं" म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच म्हटलं... आणि बादली उचलून अंगणातल्या ड्रममध्ये ओतायला गेले, कारण ती रोजची वेळ होती. ओतताना नेहमीसारखा पदर नाकाला लावला, आणि मग त्याच ड्रमला धरून रडले. याला सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाची आठवण काढताना लोक अत्तराचा, उदबत्तीचा वास सांगतात. माझ्या सरांच्या आठवणीला आंबलेल्या भाताचा वास आहे. खोटं कशाला लिहू?

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवरा वाळूजला कंपनीत लागला म्हणून इतक्या लांब आले. पुढे कंपनी सुटली आणि नवराही सुटला. एकट्या बाईला, त्यात डबे करणारीला, कुणी खोली देईना. साळवे सरांनी दिली. सिडकोतलं त्यांचं दोन मजल्यांचं घर, वर ते एकटे आणि खाली मी. आयटीआयत पोरांना पाइप जोडायला शिकवून रिटायर झालेले, बायको आधीच वारलेली, मुलगा पुण्याला. नवरा कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही. "स्वयंपाक येतो ना? मग झालं. इथं ऱ्हा," म्हणाले. मी "हो जी" म्हटलं. माझ्या त्या 'जी'चं त्यांना शेवटपर्यंत हसू यायचं. रोज दुपारी चार वाजता वरच्या लोखंडी कठड्यावर ते पान्यानं दोन ठोके मारायचे. म्हणजे चहा झाला, वर ये. दिवसभर मी लोकांना रांधून घालणार. मला आयता कप हातात देणारं माणूस या शहरात ते एकच होतं.

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. भोकं पाडलेली एक बादली, तिच्यात भाजीची देठं आणि वाळका पाला. महिन्या-दोन महिन्यांनी काळं खत निघालं आणि कुंडीतला मोगरा फुलला. सरांनी तो मोगरा साऱ्या गल्लीला दाखवला, आणि तिथंच बिघडलं. मग वरच्या न्हाणीत टबभर गांडुळं आली. मग मोबाइलवर कुणीतरी उष्ट्यापासून गॅस करताना त्यांनी पाहिलं, आणि पाण्याच्या दोन टाक्या आल्या. मोठीत शेण कालवून त्यात माझ्या डब्यांतलं उष्टं, आणि तिच्यात छोटी टाकी उपडी घातलेली. गॅस धरला की ती आपोआप वर उचलली जायची. आम्ही तिला ड्रमच म्हणायचो. पाइप आणि पितळी चाव्यांसाठी सर दर आठवड्याला शहागंजला. एकदा मी बरोबर गेले तर तिथला भंगारवाला मलाच म्हणाला, "बाई, मास्टरकू समझाव. इत्ता पाइप तो कंपनीवाले भी नै लेते." सर एवढे खूश, जसा काही मान मिळाला. माझ्या शेगडीवर पहिल्यांदा निळी ज्योत लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हात जोडले... आधीच्या उपकारांवर हा आणखी एक. उपकाराखाली दबलेल्या माणसाला नाक नसतं.

पण ड्रमला भूक लागते, आणि ती त्याच्यापेक्षा सरांनाच जास्त लागायची. माझं उष्टं पुरेना म्हणून गल्लीचं आणायला लागले. मग वैजापूरच्या ओळखीच्या अडत्याकडून सडका कांदा, पोत्यानं. त्या कांद्याचं पाणी अंगणभर वाहिलं आणि त्या महिन्यात माझ्या केसांना, उशीला, हळदीच्या डब्यालासुद्धा तो वास बसला. मग खाटकाकडून जनावराच्या पोटातलं अर्धवट पचलेलं गवत. पांढऱ्या अळ्या भिंत चढून माझ्या खिडकीच्या जाळीपर्यंत यायच्या आणि मी पोळ्या लाटता लाटता त्या झाडूनं खाली पाडायची. आणि आमच्या या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, त्यामुळे घरापुढं ड्रम दिसला की तो पाण्याचा, असंच सगळे धरून चालतात. शेजारच्या काकूंनी एका सकाळी हक्कानं, उष्टं कालवून ठेवायच्या कडेच्या ड्रमचं झाकण काढलं आणि आत तांब्या बुडवला. त्या कोपरापर्यंत माखलेला हात पुढं धरून रस्त्यात उभ्या राहिल्या. "साळवे सर, मी पंचवीस वर्षं तुम्हाला सज्जन समजत होते," एवढंच म्हणाल्या. सरांनी त्यांना आंघोळीला स्वतःचं साठवलेलं पाणी दिलं, आणि वर मला म्हणतात कसे, "काला लई चांगला जमलाय, बघ. हाताला कसा चिकटला."

हसू येतं आता. तेव्हा भीती वाटायची. एके दिवशी डबा न्यायला आलेल्या होस्टेलच्या मुलीनं विचारलं, "मावशी, डब्याला कसला वास येतोय ओ?" मी म्हटलं, कोबी आहे. कोबी नव्हता. त्या रात्री मी झोपले नाही. डबे गेले की माझं या शहरात काहीच उरत नव्हतं, परत जायला गावही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात मागच्या बोळीत दुसरा ड्रम उभा राहिला. सरांनी फरशी फोडली होती. मी विचारलं तर अगदी सहज म्हणाले, "वरच्या संडासाचं जोडतोय. रोजचं वाया जातं ना."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. म्हटलं, सर, हे माझ्या शेगडीला लागलं तर मी खोली सोडते. लोकांच्या पोरींचं पोट आहे माझ्या हातात. सरांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "आमचं गाव पाचोडकडचं. माझ्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढली, वंदना. ज्यांची घाण काढली तेच लोक पदर नाकाला लावायचे. म्हनून विचारतो, राग मानू नको. तुला वास कशाचा येतो? संडासाचा का माझा?"

त्यांच्या घरात बसून, त्यांच्या छपराखाली... पण मी खरं तेच बोलले. "संडासाचा, सर. आणि सडक्या कांद्याचा. माझ्या बापानं केलं असतं तरी त्याला हेच बोलले असते जी."

ते हसले, मोठ्यानं. "मग बरोबर हाय. शब्द देतो, तुझ्या डब्याला याचा वारा लागू देनार नाय." दुसऱ्या दिवसापासून बोळीतल्या ड्रमवर हिरवी जाळी आली, वर कोरफडीच्या कुंड्या. मला वाटलं, बंद केला. सडका कांदाही थांबला. चार वाजता दोन ठोके पडले, मी वर गेले, आम्ही चहा प्यालो. पुढे तीन वर्षं रोज.

सर छातीच्या दुखण्यानं तीन दिवसांत गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर संदीपदादांनी मागचा ड्रम काढायला प्लंबर आणला. त्यानं कुंड्या बाजूला केल्या, जाळी काढली आणि वाकून बघितलं. "साहब, ये तो चालू है. गॅस की लाइन ऊपर जारी."

आम्ही पाइपाच्या मागं मागं जिना चढलो. पाइप माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला शिवलाही नव्हता. चांगला दोन हात लांबून, मुद्दाम वळसा घालून वर गेला होता. सरांनी शब्द पाळला होता. डबे वाचले म्हणून मी जिन्यातच देवाचं नाव घेतलं. पाइप वरच्या ओट्यावर जाऊन थांबला, एका जुन्या एकबर्नरी शेगडीला. तिच्यावर चहाचं पातेलं तसंच होतं, तळाशी वाळलेली पत्ती. प्लंबरनं शेगडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्टर चाय इसपेच बनाते थे क्या?"

मी धावत न्हाणीत गेले आणि ओकले. पोटात काही नव्हतं तरी ओकले. त्यांनी दुनियेतल्या पोरींना जपलं आणि मला तीन वर्षं ते पाजलं. मुद्दाम नसणार. ते स्वतःही तेच पीत होते, आणि त्यांच्या लेखी ज्योत म्हणजे ज्योत. कदाचित मी घरातली आहे, असं धरून चालले असतील. मला अजून राग आहे. कपाळाला हात लावून संदीपदादा म्हणाले, "ताई, बाबांच्या वतीनं माफ करा." मी म्हटलं, तुम्ही कशाला? ते भेटले तर त्यांनाच विचारीन.

बोळीतला ड्रम गेला. अंगणातला मी ठेवून घेतला; उष्टं टाकायचं तरी कुठं? पदर लावते आणि ओतते. वरचं पातेलं मी तीनदा चिंचेनं घासून खाली आणलं, पानाही आणला. चार वाजले की अजून कान कठड्याकडे जातो. मग मी उठते, त्या पातेल्यात सिलिंडरवर चहा ठेवते, गाळते आणि उभ्याउभ्याच पिते. तो स्वच्छ लागतो. दुसरं काहीच लागत नाही.