एका घरी एक सभासद

आमच्या लेआउटच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, नागरिक मंडळाची घटना मीच लिहिली. जरीपटका या वस्तीच्या पलीकडे तेव्हा चाळीसेक घरं होती. नळ नव्हता, धड रस्ता नव्हता आणि आम्हाला घाई होती. 'एका घरी एक सभासद, तो कुटुंबप्रमुख' हा नियम मी फारसा विचार न करता लिहून टाकला. कुणी हरकत घेतली नाही. सभेला बायका नव्हत्याच.

नळ मात्र एका बाईमुळे आला. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू दहा-बारा बायकांना घेऊन भर उन्हात पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि साहेबानं सही करेपर्यंत उठल्या नाहीत. अर्जाखाली सह्या आम्हा पुरुषांच्या. नळ आला त्या दिवशी हारही आम्हीच घालून घेतले, निर्लज्जासारखे.

पुढे काकूंचे यजमान, काका, वारले. रिवाजाप्रमाणे मी, मंडळाचा सचिव, सभासदांच्या वहीत त्यांच्या नावावर रेघ ओढली आणि थोरल्या मुलाचं नाव लिहिलं. तो पुण्यात नोकरीला. काकूंना कळलं तशा त्या माझ्या दारात आल्या.

"भाऊ, माहं नाव काहून नाही टाकलं गा?"

"काकू, नियम हाय तसा."

"पोरगा तिकडे पुण्यात राहून राहिला. इथं नळाले पाणी येते का नाही, त्याले काय ठाऊक? मले सभासद करा. मी हाय तोवर करा."

येत्या वार्षिक सभेत नियम बदलायचा विषय मांडतो, असं मी कबूल केलं. मांडला नाही. त्या वर्षी सांडपाण्याची गडरलाइन होती, पुढल्या वर्षी बगिच्याचं कुंपण. खरं म्हणजे दोन-तीन जणांची तोंडं वाकडी होतील, याला मी भ्यालो. काकू दरवर्षी विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या.

यंदा उन्हाळ्यात त्या गेल्या. सभासद गेला की सभेत दोन मिनिटं उभं राहायचं आणि शोकठराव वहीत लिहायचा, ही आमची पद्धत. अध्यक्ष म्हणाले, "त्या सभासद नव्हत्या, पण विशेष बाब म्हणून घेऊन टाकू." विशेष बाब! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळे उभे राहिले, बसले. मी वही उघडली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं नियमात बसेल तसा ठराव लिहिला: 'पुण्यास असलेल्या आपल्या सन्माननीय सभासदांच्या मातोश्रींचे दुःखद निधन झाले.'

वाचून दाखवताना ध्यानात आलं, काकूंचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.